सियालदहचे उघडे दार : सिस्टर सिरिल मूनी यांच्या शिक्षणसेवेचे स्मरण

कोलकात्याचे सियालदह स्थानक पहाटेपासूनच गजबजलेले असते. उत्तर आणि दक्षिण उपनगरांतून येणाऱ्या लोकलगाड्या भाजीच्या टोपल्या, मासळीच्या पाट्या, रोजंदारीवर निघालेले मजूर आणि घरकामाला निघालेल्या स्त्रिया यांना शहरात आणून सोडतात. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची असंख्य कुटुंबे याच स्थानकाच्या फलाटांवर दिवसचे दिवस राहिली. पुढील काळातही गावाकडे पोट भरण्याचा मार्ग खुंटलेल्या अनेकांचा शहरातील पहिला मुक्काम याच परिसरात पडला. त्यांची मुले फलाटांवर, पदपथांवर आणि पुलाखाली वाढली. कागद-प्लास्टिक वेचणे, हमाली करणे, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणे यांतच त्यांचे बालपण सरले.

या स्थानकापासून थोड्याच अंतरावर लोरेटो संस्थेची मुलींची एक जुनी शाळा आहे. तिचे माध्यम इंग्रजी, शिस्त चोख आणि शहरात लौकिक मोठा. स्थानक आणि शाळा यांच्यामध्ये काही मिनिटांची वाट होती. तरी फलाटावरील मुलीला ती वाट ओलांडून वर्गात पोचणे जवळजवळ अशक्य होते. १९७९ साली या शाळेची सूत्रे सिस्टर सिरिल मूनी या आयरिश धर्मभगिनीच्या हाती आली. पुढील सुमारे तीन दशके त्यांनी मुख्याध्यापिका म्हणून जे काम केले, त्याच्या मुळाशी एकच प्रश्न होता : चांगली शाळा नेमकी कोणासाठी असते?

हा प्रश्न ज्या परंपरेतून त्यांच्यापर्यंत आला, ती परंपरा थोडी मागे जाऊन पाहिली पाहिजे. लोरेटो भगिनींच्या संस्थेचे मूळ मेरी वॉर्ड (१५८५–१६४५) या इंग्रज स्त्रीच्या कार्यात आहे. त्या काळी संन्यस्त स्त्रीने मठाच्या भिंतींआड राहावे, बाहेरच्या जगाशी संबंध ठेवू नये, असा दंडक होता. मेरी वॉर्ड यांनी मठाची बंदिस्ती नाकारली आणि मुलींच्या शिक्षणासाठी समाजात मोकळेपणाने वावरणाऱ्या भगिनींचा संघ उभारला. हे धाडस धर्मसत्तेला मानवले नाही. १६३१ मध्ये पोपच्या आज्ञेने त्यांची संस्था बरखास्त झाली आणि स्वतः त्यांना म्युनिकच्या एका मठात काही काळ बंदिवास भोगावा लागला. तरीही ती कल्पना मेली नाही. एकोणिसाव्या शतकात टेरेसा बॉल यांनी डब्लिनजवळच्या रॅथफार्नहॅम येथे याच परंपरेची आयरिश शाखा स्थापन केली. तिलाच पुढे लोरेटो हे नाव रूढ झाले. या शाखेच्या भगिनींचा पहिला गट दीर्घ सागरप्रवास करून १८४१ च्या अखेरीस कोलकात्यात पोहोचला आणि भारतातील लोरेटो शाळांचा प्रारंभ झाला.

भिंत ओलांडण्याच्या निर्धारातून जन्मलेल्या या परंपरेभोवती काळाच्या ओघात निराळ्याच भिंती उभ्या राहिल्या, हा इतिहासाचा उपरोध म्हणावा लागेल. इंग्रजी राजवटीत आणि त्यानंतरही कॉन्व्हेंट शाळा म्हणजे सुखवस्तू घरांतील मुलींची शाळा, असे समीकरण भारतीय शहरांत रूढ झाले. उत्तम शिक्षण, सफाईदार इंग्रजी आणि पुढील आयुष्यातील प्रतिष्ठा यांसाठी पालक या शाळांच्या दाराशी रांगा लावू लागले. संस्थांनी गरीब मुलींसाठी काही वेगळ्या सोयी केल्या होत्या. मात्र नामांकित शाळेच्या मुख्य प्रवाहात त्या मुलींना बहुधा मोजकेच स्थान होते.

याच संस्थेच्या आणखी एका शिक्षिकेचे नाव पुढे जगभर पोहोचले. ॲग्नेस बोयाजू ही तरुणी १९२८ मध्ये रॅथफार्नहॅमला आली आणि जानेवारी १९२९ मध्ये कोलकात्यात उतरली. तीच मदर टेरेसा. त्यांच्या सेवाकार्याची कीर्ती एवढी मोठी आहे की, त्यापूर्वी त्या दीर्घकाळ शिक्षिका होत्या याचा अनेकांना विसर पडतो. सियालदहपासून जवळच असलेल्या एंटाली भागातील सेंट मेरीज शाळेत त्यांनी इतिहास आणि भूगोल शिकवला, आणि १९४४ मध्ये त्या तेथील मुख्याध्यापिका झाल्या. ही शाळा बंगाली माध्यमाची होती, हे मातृभाषेतून शिकलेल्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. शाळेच्या भिंतीपलीकडची वस्ती त्यांना स्वस्थ बसू देईना. अखेर ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनी लोरेटोचा निरोप घेतला आणि त्या वस्तीकडे निघाल्या.

सिस्टर सिरिल यांच्यापुढे तीन दशकांनंतर तेच शहर होते आणि तेच दारिद्र्य होते. त्यांनी मार्ग मात्र वेगळा निवडला. मदर टेरेसा शाळा सोडून रस्त्याकडे गेल्या. सिस्टर सिरिल शाळेतच राहिल्या आणि त्यांनी रस्त्यावरच्या मुलींना शाळेत आणले. दोन्ही मार्गांची तुलना करून एकाला उणे ठरवण्याचे कारण नाही. परंतु शिक्षणाच्या इतिहासात दुसऱ्या मार्गाचे मोल वेगळे आहे. त्याने शाळा या संस्थेलाच बदलण्यास भाग पाडले.

सिरिल मूनी यांचा जन्म १९३६ साली आयर्लंडमधील ब्रे या समुद्रकाठच्या गावी झाला. लोरेटो संस्थेत प्रवेश केल्यावर १९५६ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना, त्या भारतात आल्या आणि अखेरपर्यंत येथेच राहिल्या. लखनौच्या वास्तव्यात त्यांनी प्राणिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन तेथील विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या पुढील कामाकडे पाहताना हा तपशील महत्त्वाचा वाटतो. गरिबीने त्या व्यथित झाल्या असतीलच; पण शाळेच्या कारभारात त्या व्यथेचे रूपांतर झाले ते बारकाईने आखलेल्या योजनेत. कोणत्या मुलीला काय हवे, शाळेत कोणती साधने पडून आहेत, कोणता तास कोणासाठी वापरता येईल, याचा हिशेब त्यांच्या प्रत्येक उपक्रमात दिसतो.

मुख्याध्यापिका झाल्यावर त्यांनी प्रथम हात घातला तो प्रवेशाच्या प्रश्नाला. तोवर शुल्क न भरता शिकणाऱ्या मुलींची संख्या शाळेत थोडी होती. ती त्यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने वाढवत नेली. शाळेची एकूण पटसंख्या सुमारे १,४०० झाली, तेव्हा त्यांतील जवळजवळ निम्म्या मुली विनाशुल्क शिकत होत्या. या मुलींसाठी वेगळी तुकडी नव्हती, दुपारची निराळी पाळी नव्हती. झोपडवस्तीतली मुलगी आणि डॉक्टरची मुलगी एकाच गणवेशात, एकाच बाकावर बसत. ज्यांची ऐपत होती त्यांच्या शुल्काचा आणि मिळणाऱ्या देणग्यांचा आधार इतरांच्या शिक्षणाला मिळत असे. गरजेनुसार गणवेश, पुस्तके आणि अन्न यांचीही तजवीज केली जाई.

अशा निर्णयाने पालकांच्या मनात शंका उभ्या राहणे स्वाभाविक असते, आणि त्या शंका कोणत्याही शाळेच्या पालकसभेत ऐकू येण्याजोग्याच आहेत. वर्गाचा दर्जा खालावेल का? आपल्या मुलीकडे दुर्लक्ष होईल का? पोट कापून शुल्क भरतो, ते कशासाठी? या प्रश्नांना केवळ स्वार्थ म्हणून झटकून टाकता येत नाही. मुलांच्या भवितव्याची काळजी त्यांमागे असते. त्यांना उत्तर मिळाले ते वर्गातूनच. शाळेने आपला शैक्षणिक लौकिक टिकवून ठेवला. एकमेकींना मागे टाकण्याच्या चढाओढीपेक्षा एकमेकींना बरोबर घेऊन जाण्याला तेथे महत्त्व दिले गेले. वर्गातील मुलींची पार्श्वभूमी एकसारखी असली तरच अध्यापन उत्तम होते, हा समज त्या शाळेने खोटा ठरवला.

याच सुमारास आणखी एक उपक्रम आकाराला आला. शाळेतील मुलींच्या तुकड्या आठवड्यातून एकदा कोलकात्याबाहेरील खेड्यांत जाऊन तेथील मुलांना शिकवू लागल्या. पाचवी-सहावीपासूनच्या मुली हाताने तयार केलेली साधने घेऊन जात, गटागटाने मुलांना बसवत आणि वाचन, लेखन, गणित शिकवत. शहरातील मुलीला खेड्यातील शाळेची गळकी खोली आणि तेथील मुलांची तल्लख बुद्धी या दोन्हींची ओळख एकाच वेळी होई.

१९८५ मध्ये ‘रेनबो’ हा उपक्रम सुरू झाला आणि शाळेचे दार खऱ्या अर्थाने उघडले. पदपथावर राहणाऱ्या मुलींना नियमित शाळेत बसवणे सोपे नसते. सात-आठ वर्षांची मुलगी सकाळी कागद वेचते, दुपारी धाकट्या भावाला सांभाळते. तिला साडेदहाची घंटा पाळता येत नाही. वयाने ती तिसरीत शोभेल, पण अक्षरओळख नसल्याने तिला पहिलीत बसवावे लागते. तेथे लहान मुलांत तिला संकोच वाटतो आणि काही दिवसांत ती दिसेनाशी होते. अशा मुलीला ‘गळती’ म्हणून नोंदवून शाळा मोकळी होते. सिस्टर सिरिल यांनी हा क्रम उलटा केला. मुलीने शाळेच्या वेळेत बसण्याऐवजी शाळेने मुलीच्या वेळेत बसावे, अशी रचना त्यांनी केली. रेनबोतील मुलींनी जमेल तेव्हा यावे. त्या आल्या की शिकवायला कोणीतरी हजर असावे.

हे ‘कोणीतरी’ कोण असणार, हा खरा प्रश्न होता. त्यासाठी वेगळे शिक्षक नेमायला पैसा नव्हता. त्याचे उत्तर वेळापत्रकातच सापडले. महाराष्ट्रात ज्याला ‘कार्यानुभव’ म्हटले जाते, तशा कार्यशिक्षणाच्या तासिका बंगालच्या शालेय अभ्यासक्रमातही होत्या. अनेक शाळांत हे तास कागदी फुले आणि शोभेच्या वस्तू करण्यात जातात. सियालदहच्या शाळेत वरच्या वर्गांतील मुली या तासिकांना रेनबोतील मुलींना शिकवू लागल्या. एका मुलीसमोर एक मुलगी, मधे पाटी किंवा वही. एका वर्गाची तासिका संपली की दुसऱ्या वर्गाच्या मुली येत आणि धडा पुढे चालू राही. त्यामुळे दिवसात केव्हाही आलेल्या मुलीला एकटीकडे लक्ष देणारी शिक्षिका मिळे. महागड्या शाळांनाही न परवडणारी ही चैन फलाटावरच्या मुलीच्या वाट्याला आली, आणि तिच्यासाठी शाळेला एकही वर्गखोली नव्याने बांधावी लागली नाही.

तयारी झाल्यावर यांतील काही मुली लोरेटोच्याच वर्गांत दाखल झाल्या, तर इतर अनेकींना शहरातील बंगाली किंवा हिंदी माध्यमाच्या शाळांत प्रवेश मिळवून देण्यात आला. इंग्रजी शाळेच्या प्रमुखांनी घेतलेला हा निर्णय विचार करण्याजोगा आहे. ज्या भाषेत मुलगी बोलते, भांडते आणि स्वप्न पाहते, त्या भाषेतून शिकणे तिला जवळचे ठरते, ही साधी गोष्ट त्यात मान्य केलेली दिसते.

रेनबोचा लाभ एकतर्फी नव्हता. पदपथावरच्या मुलीला ‘हातचा एक’ समजावून सांगायचा तर आधी तो स्वतःला नीट समजलेला असावा लागतो. दुसऱ्याला शिकवताना आपले शिकणे पक्के होते, हे शिक्षणशास्त्राचे जुने तत्त्व तेथे रोज अनुभवाला येई. त्याहून मोठा बदल नजरेत झाला. स्थानकाबाहेर हात पसरणाऱ्या मुलीला पाहून नजर चुकवणाऱ्या विद्यार्थिनीला आता तिचे नाव ठाऊक होते. ती कोणत्या अक्षराशी अडते, तिला कोणते चित्र आवडते, हेही ठाऊक होते. नाव कळलेल्या माणसाकडे पाठ फिरवणे अवघड जाते. दान देणारी आणि दान घेणारी, असे नाते निर्माण होऊ नये यासाठी या उपक्रमाला वेळापत्रकात हक्काचे स्थान होते. तो सहलीसारखा वर्षातून एकदा करायचा परोपकार नव्हता. तो अभ्यासाचाच भाग होता.

दिवस मावळला की एक नवी अडचण समोर उभी राही. दिवसभर शाळेत सुरक्षित असलेली मुलगी रात्री पुन्हा पदपथावर झोपायला जाई. वयात येऊ लागलेल्या मुलीसाठी ती रात्र म्हणजे भीतीचे दुसरे नाव असते. याचेही उत्तर शाळेच्या इमारतीतच होते. गच्चीवरील जागेत मुलींच्या निवासाची सोय झाली. ज्या मुलींना सुरक्षित घर नव्हते त्या तेथे राहू लागल्या आणि तेथूनच शिकू लागल्या. शहरातील शाळांच्या पक्क्या इमारती, त्यांची नळजोडणी, स्वच्छतागृहे, भिंती आणि पहारेकरी संध्याकाळनंतर निरुपयोगी पडून असतात, आणि त्याच शहरात हजारो मुली उघड्यावर झोपतात. हा विरोधाभास डोळ्यांसमोर असूनही सहसा कोणाला दिसत नाही. ‘रेनबो होम’ हा नमुना पुढे देशातील इतर शहरांतही पोहोचला, यावरून त्या साध्या निरीक्षणाचे सामर्थ्य कळते.

शाळेचे काम शाळेपुरते राहिले नाही. खेड्यांतील आणि वस्त्यांतील तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन त्यांच्याच भागात शिक्षक म्हणून उभे करण्याचा उपक्रम ‘बेअरफूट टीचर्स’ या नावाने ओळखला गेला. फारसे शिक्षण नसलेल्या तरुणांनाही खेळ, गाणी, चित्रे आणि हाताने केलेली साधने यांच्या मदतीने उत्तम शिकवता येते, हा विश्वास त्यामागे होता. वीटभट्ट्यांवर हंगामापुरत्या येणाऱ्या मजुरांच्या मुलांपर्यंतही शिक्षण नेले गेले. घरोघरी राबणाऱ्या लहान मोलकरणी बहुतेकांच्या नजरेआड असतात. शाळेतील मुलींनी आपापल्या परिसरात अशा मुली शोधल्या, त्यांच्याशी मैत्री केली आणि त्यांना खेळण्या-शिकण्याची संधी मिळावी म्हणून प्रयत्न केले. विद्यार्थिनींना या कामात बोलावे लागले ते आपल्याच शेजाऱ्यांशी, क्वचित आपल्याच नातलगांशी. समतेचा धडा पुस्तकात वाचण्यापेक्षा असा शिकणे कितीतरी कठीण.

या कार्याची दखल घेतली गेली. १९९४ मध्ये युनेस्कोचा नोमा साक्षरता पुरस्कार आणि २००७ मध्ये भारत सरकारची ‘पद्मश्री’ त्यांना मिळाली. पण त्यांच्या कामाची खरी मोजणी करायची तर ती एका कायद्याशी ताडून पाहावी लागेल. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात, अशी तरतूद त्यात आहे. या तरतुदीवरून देशभर वाद झडले. दर्जा घसरेल, मुलांना एकमेकांत मिसळता येणार नाही, खर्च कोण देणार, असे आक्षेप न्यायालयापर्यंत गेले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना मात्र तीतून वगळले. सियालदहच्या शाळेने कायदा येण्याच्या कितीतरी आधी, कोणतीही सक्ती नसताना, याच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात दार उघडलेले होते. जे अशक्य आहे असे सांगितले जात होते, ते कोलकात्यात वर्षानुवर्षे रोज घडत होते.

मराठी वाचकाला या कार्यात ओळखीच्या खुणा दिसतील. १८७८ मध्ये कोलकात्याच्याच विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, त्या रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ काढले, तेव्हा विधवा स्त्रियांसाठी शाळा आणि घर एकाच छपराखाली आणले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करताना पाहिले की, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत. म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि ‘कुरणशाळा’ हा शब्द मराठीला दिला. भाषा, धर्म, प्रांत वेगळे असले तरी या सगळ्यांची रीत एकच दिसते. मूल शाळेत का येत नाही, याचा दोष त्यांनी मुलाला दिला नाही. शाळेत काय बदलले पाहिजे, हे त्यांनी पाहिले.

अर्थात, एका शाळेने शहराची गरिबी मिटत नाही. सियालदहच्या फलाटांवर आजही मुले दिसतात. रेनबोतून बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलीमागे दारापर्यंतही न पोहोचलेल्या अनेक जणी राहिल्या. शासनाने करावयाचे काम एखाद्या संस्थेने किती काळ करावे, हाही प्रश्न उरतोच. या मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट निर्विवाद राहते. आपल्या हातात असलेल्या चार भिंती, काही तासिका, एक गच्ची आणि काही शे विद्यार्थिनी यांचा पूर्ण उपयोग त्या करत राहिल्या. परिस्थिती बदलेपर्यंत थांबावे, असे त्यांना कधी वाटले नाही.

२४ जून २०२३ रोजी सिस्टर सिरिल यांचे कोलकात्यात निधन झाले. वय ८६ वर्षांचे होते. त्यांपैकी ६६ हून अधिक वर्षे त्यांनी भारतात घालवली. आयर्लंडच्या किनाऱ्यावर जन्मलेली ही शिक्षिका कोलकात्याच्या मातीत विसावली.

कोणत्याही शाळेचा हीरक महोत्सव हा गुणवंतांच्या याद्या, निकालांचे आलेख आणि जुन्या छायाचित्रांचा सोहळा असतो, आणि तसा तो असावाही. बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळांच्या बाबतीत या सोहळ्याला आणखी एक अर्थ आहे. परप्रांतात आलेल्या माणसांनी आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे म्हणून वर्गणी गोळा करून, कधी भाड्याच्या खोलीत, कधी एखाद्याच्या ओसरीवर या शाळा सुरू केल्या. ज्यांच्यासाठी आधीच्या शाळांत जागा नव्हती, त्यांच्यासाठी उघडलेले ते दारच होते. साठ वर्षांनंतर पटसंख्येची चिंता वाहताना, माध्यमाविषयी पालकांच्या मनातील शंकांना उत्तरे देताना, त्या आरंभीच्या दाराची आठवण उपयोगी पडेल. आज त्याच परिसरात कोणाची मुले शाळेबाहेर आहेत, कोणत्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या पडून असतात आणि कोणत्या तासिकेला कागदी फुले केली जातात, हे तीन प्रश्न सियालदहच्या मुख्याध्यापिकेने प्रत्येक शाळेसाठी मागे ठेवले आहेत. त्यांची उत्तरे शोधायला फार मोठा निधी लागत नाही. दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलीचे नाव विचारण्यापासून सुरुवात करता येते.